कप्तान ‘येतो’ म्हणाला होता

प्रिय रशीद,

तुझा कप्तान परत आला! काल दुपारी नारायणगावला पिक्चरचा दुसरा भाग पाहून आलो. तू जिंकलास, मी हरलो. हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं, म्हणून गल्ल्यावर वही घेऊन बसलोय. खरं सांगू? आठ महिने तुला लिहायचं धाडसच होत नव्हतं.

हिंदीत डब केलेला तो पहिला भाग आठवतो? दिवस मावळल्यावर मी खात नाही, म्हणून आपण कायम दुपारचाच शो धरायचो. आम्हा जैनांना बटाटा चालत नाही, तर मध्यंतरात तू समोशातला बटाटा काढून नुसती पारी घेऊन आलास! ती मी खाल्ली नाही म्हणून वर रुसलास.

शेवटी यान उडून जातं, कप्तान त्या लाल ग्रहावर एकटा मागे राहतो आणि वायरलेसवर म्हणतो, “अच्छा, आता हूँ.” अंधार. पिक्चर खलास.

तू म्हणालास, “जिता हाय. येतो म्हणलाय.”

मी म्हणालो, मेला. त्याची हवा संपली होती. आणि हिंदी माणूस निघताना ‘चलता हूँ’ म्हणतो. डबिंग लिहिणारा आपल्यातलाच कुणी मराठी असणार, त्यानं आपला ‘येतो’ जशाच्या तसा हिंदीत ढकलला. घराबाहेर पडताना आपण कधी ‘जातो’ म्हणतो का?

“मंग?” तू म्हणालास. “येतो म्हणल्यावर यायला नको व्हय?”

तीन वर्षं आपण ह्यावर भांडलो. जुन्नरच्या ह्या दुकानात आत मी कापड फाडायचो, ओट्यावर तू शिवायचास आणि मध्ये गिऱ्हाईक ताटकळत उभं. घोडेगावचा जीपवाला संपत तर आपलं भांडण ऐकायलाच थांबायचा.

मग दुसऱ्या भागाचा ट्रेलर आला. त्यात कप्तानाची नुसती सावली दिसली, तर तू ओट्यावर नाचलास! मी चिडलो. चारचौघांत बोललो, “तू आपलं उसवलेलं शिव. विज्ञान तुझ्या डोक्याबाहेरचं आहे.” का बोललो रे मी असं? तू मशीनवर कव्हर टाकलंस, कात्री पिशवीत घातलीस आणि पायरी उतरताना म्हणालास, “जातो.”

बावीस वर्षांत तू कधी ‘जातो’ म्हणाला नव्हतास. तो सोमवार होता. गुरुवारी सकाळी तुझ्या लेकीचा, समीनाचा फोन आला. झोपेतच तुझं हृदय बंद पडलं होतं.

तो शब्द मी आठ महिने गिळून बसलो. घरी नाही, वहिनींना नाही, कुणालाच सांगितला नाही. तू टाकलेलं कव्हर तसंच राहू दिलं. दोन टेलर ओट्याची जागा मागायला आले, त्यांना परत पाठवलं. दुसरा भाग लागला तेव्हा पोस्टर दिसायला नको, म्हणून नारायणगावला जायचंच टाळलं.

शेवटी तुझी लेक दुकानात आली. “काका, तिकिटं काढलीत. तुम्ही नाही आलात तर अब्बांच्या बाजूनं मी भांडू कुणाशी?”

गेलो. समीना, मी आणि संपत, त्याच्याच जीपमधून. पिक्चर कसा आहे विचारशील. पहिला तासभर नुसती रडारड आहे, तुला डुलकी लागली असती. ग्रहावरचं वादळ मात्र असं केलंय की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. कप्तानाची मुलगी बापाला शोधत फिरते, ती पोरगी छान काम करते. आणि शेवटच्या दहा मिनिटांत दाढी वाढलेला तो दारात उभा! शिट्ट्याच शिट्ट्या. सवयीनं मी उजवीकडे वळलो, तुझं तोंड बघायला. तिथे समीना बसली होती, डोळे पुसत.

बाहेर रसवंतीवर जुंपली. संपत म्हणाला, “नाय पटलं राव. इतकी वर्सं हवा कुटनं आनली त्यानं? पयलाच भाग लई भारी व्हता.”

“तुम्ही झोपला होतात, संपतभाऊ,” समीना म्हणाली. “त्यानं गुहेत शेवाळ वाढवलं, दाखवलंय की!”

मी हवेचाच मुद्दा काढायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. “समीना, तुझे अब्बा माझ्या दुकानातून शेवटी ‘जातो’ म्हणून गेले गं.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. हातातला रस सांडेपर्यंत हसली!

“काका, ते मुद्दाम होतं! घरी आले ते हसतच. अम्मीला म्हणाले, आज पारसला ‘जातो’ म्हणून आलोय, चार दिवस खाजवू दे डोकं. शुक्रवारी नमाज झाली की जाऊन हुबा ऱ्हातो आन म्हणतो, बघ, जातो म्हणनारा बी आला. मंग येतो म्हणनारा कसा नाय येनार?”

रशीद, लेका! मस्करीला तुला दुसरा शब्द नाही सापडला? आणि शुक्रवारपर्यंत थांबलास कशाला, मंगळवारीच यायचंस ना! मी तिथेच बाकड्यावर बसून रडलो. रडता रडता इतकं हलकं वाटलं की समोरचा संपतचा ग्लासही मीच रिकामा केला.

मी वाकडं बोललो ते बोललोच, त्याची माफी मागतो. पण तू माझ्यावर रुसून गेला नव्हतास. शुक्रवारी येणार होतास. हे कळलं आणि काल कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो, दिवस मावळायच्या आत.

आज दुकान उघडल्याबरोबर मशीनवरचं कव्हर काढलं. धूळ पुसून तेल दिलं. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून शिवणार, असं समीना म्हणतेय, जागा तिचीच आहे.

तिसरा भागही येणार म्हणतात. ह्या खेपेला शेवटी कप्तानाची मुलगी त्या ग्रहावर मागे राहिलीय. संपत आताच म्हणतो, गेली ती. मी तुला शब्द देतो, ह्या वेळी तुझी बाजू मी लढवणार. ओट्यावर उभा राहून सांगेन की ती येणार. हवा असो नसो!

गिऱ्हाईक आलंय. बरं, जातो.

अरे, चुकलो! येतो. सावकाश येतो, पण येतो. दुपारच्या शोची जागा धर.

तुझाच,
पारस