गल्लीतल्या दोन लेन

नागपूर, बुधवार

ती. उत्तराताईस, श्रीधरचा नमस्कार.

काटोलला सगळे बरे असतील. वामनराव भाऊजींचा खोकला गेला का? संत्री मिळाली, गोड होती. आमचं बरं नाही. (तुमची जीप अजून आमच्या घरासमोर आहे. तिच्याबद्दल शेवटी लिहितो.)

समोरचा जितेंद्र मिहानमध्ये नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात नकाशा सुधारतो. मोबाइलवरचा, कोणीही दुरुस्त करावा असा. त्यात त्यानं आमच्या गल्लीला दोन लेन लिहिल्या. एक जायची, एक यायची. इथं रस्त्यावर ओढलेली रेघ म्हणजे रुखमाबाईंच्या दारातली रांगोळी, दुसरी नाही. पण नकाशानं त्याचं ऐकलं आणि मागच्या लॉनवरच्या लग्नांची सगळी वाहनं इकडून पाठवायला सुरुवात केली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुझ्या भावजयीला, चारुशीलाला, रोज संध्याकाळी गल्लीत चालायला सांगितलं आहे. एकदा ती घोडा, बँड आणि जनरेटर यांच्यामध्ये सापडली. तेव्हापासून ती फाटकापर्यंत जायची आणि परत यायची.

मी खातं उघडून दोनाचं एक केलं. त्यानं परत दोन केलं. असं अकरा दिवस चाललं. (मी निवृत्त, त्याला नोकरी, तरी तो टिकला, हे कबूल करतो.) शेवटी मी टेप घेऊन त्याच्या दारात गेलो. तो म्हणाला, "काका, सहा मीटर आहे. काहून भांडून राहिले? मी रस्ता मोजतो, पार्किंग नाही." मी म्हटलं, मग चालवून दाखव.

रविवारी परीक्षा झाली. एका टोकाकडून तो त्याची कार घेऊन निघाला, दुसऱ्या टोकाकडून मी माझी. आमच्या फाटकासमोर दोघं अडकलो. त्याच्या मागे पाण्याचा टँकर आला, माझ्या मागे वरात. कोणालाच मागे घेता येईना. वरातीतले नाचत राहिले, त्यांना तेवढी जागा पुरली. नवरदेव घोड्यावरून उतरून पायी लॉनवर गेला. रुखमाबाई दारातून म्हणाल्या, "लेना मोजून झाल्या असतील तं माझ्या रांगोळीवरून चाक काढा गा."

पाऊण तासानं जितेंद्रनं कारमध्ये बसूनच एक लेन लिहिली. नकाशाला पटायला दिवस गेला. काल एकही वरात आली नाही. चारुशीला कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

तुझा
श्रीधर

ता. क. : जीपबद्दल. चार दिवस ठेवतो म्हणून भाऊजींनी ती ठेवली, त्याला दोन दिवाळ्या झाल्या. न्या, न्या म्हणून मी थकलो. आता कुठे तू कळवलंस की येत्या रविवारी माणूस पाठवते.

आणखी एक : पाठवू नकोस. त्या रविवारी कोंडी सुटल्यावर निघताना जितेंद्रनं विचारलं, "काका, ही जीप हलली तं दोन लेन होतात नं?" मला हो म्हणावं लागलं. जीप राहू दे. बॅटरी मी काढून ठेवली आहे.