‘पडून इजा’

नगर, ९ जानेवारी १९७२

ती. दयाताईस,

यशयाचा सप्रेम सलाम. वि. वि. आमच्या मेरीने पाठवलेली बोरं तू एकटीने संपवलीस म्हणे. दात शाबूत आहेत हे कळून आनंद झाला.

एक काम निघालंय. परदेशातून हाना नावाच्या बाईंचं इंग्रजी पत्र चर्चच्या पाळकसाहेबांना आलं. त्यांचे वडील योसेफ हिटलरच्या जाचातून पळून पूर्वेकडच्या एका बंदरात आसऱ्याला होते. लढाई लागल्यावर इंग्रजांनी त्यांनाच जर्मन म्हणून शत्रू ठरवून बोटीत घातलं आणि नगरच्या छावणीत आणून टाकलं. तिथे शिपायांनी मारून त्यांचा हात मोडला. आता नुकसानभरपाईच्या चौकशीत तिकडचे अधिकारी म्हणतात, छावणीचं दप्तर सापडत नाही, तेव्हा तसं घडलंच नसेल. म्हातारे आता थकलेत, पण खोटं ठरून मरायचं नाही म्हणतात.

तू तेव्हा छावणीच्या दवाखान्यात नर्स होतीस. काही आठवतं का? तब्येतीला जप.

तुझा,
यशया

शेवगाव, १७ जानेवारी

चि. यशयास अनेक आशीर्वाद.

बोरं शेजारच्या रंगुबाईने संपवली, मी नाही.

तीन दिवस तुझं पत्र उशाखाली होतं. आठवतं रे. उंच माणूस, चष्म्याची एक काच फुटलेली, हात मोडलेला, पाठभर काठीचे वळ. छावणीचा साहेब मला म्हणाला, वहीत ‘पडून इजा’ एवढंच लिही. मी लिहिलं. नोकरी नवी होती, घाबरले. ती वही सापडली असती तरी त्या बिचाऱ्याला खोटंच पाडलं असतं.

आता त्याचं खरं सांगायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागेल. इथे लोक मला बघून उठून उभे राहतात. काय करू?

तुझी,
दयाताई

शेवगाव, १४ फेब्रुवारी

चि. यशयास आशीर्वाद.

सांगणार असलीस तर शेजारी उभा राहीन, असं लिहिलंस आणि खरंच आलास. मामलेदार कचेरीत जबानी देऊन सही केली, ती तुझ्यामुळेच.

तू एसटीत बसलास, त्यानंतरचं कळवते. तू केडगावात चौकशी केली होतीस ना? तो सूर्यभान, छावणीवरचा जुना शिपाई, काल दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, काठी माझी नव्हती बाई, पन मी बगत हुतो, माझंबी लिवून घ्या. चहा पिताना रडला. आज त्यानेही अंगठा दिला. दोन्ही कागद धाडते. मेरीला आशीर्वाद.

दयाताई

नगर, ३ जून

ती. ताईस सप्रेम सलाम.

हानाबाईंचं पत्र आलं! चौकशी पुन्हा उघडली. अधिकाऱ्यांनी वडिलांचं म्हणणं खरं धरून तसं लेखी दिलंय.

म्हाताऱ्यांनी तुझ्या मराठी कागदाची नक्कल मागून घेतली. अक्षर कळत नाही, तरी जवळ बाळगतात. विचारतात, नर्सबाई मला पत्र लिहील का? कुठल्याही भाषेत चालेल.

तेव्हा मला सवडीने लिही, आधी त्यांना लिही. तुझ्या मायेला वाटेकरी वाढला, तरी माझा वाटा तेवढाच ठेव.

तुझा,
यशया