गौरम्मा मावशींच्या अळ्या

बंगळूर, मंगळवार

अम्मा, कोमलाचा पायांना हात लावून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. अप्पांचा गुडघा कसा आहे?

गौरम्मा मावशींच्या रेशमाच्या सगळ्या अळ्या मेल्याचं तू कळवलंस, कारण मात्र लिहिलं नाहीस. शेतकरी आमच्या कंपनीच्या ॲपला जे प्रश्न विचारतात, ते मी वाचते, अम्मा. शेजारच्या मळ्यात नवं औषध फवारलंय, आमच्या तुतीचा पाला अळ्यांना कधी घालू, असं त्यांनी विचारलं होतं. ॲपनं सांगितलं, पाच दिवसांनी. त्या औषधाची माहिती आम्ही त्याला दिलेलीच नव्हती.

पूर्वी ते अशा वेळी "मला माहीत नाही" म्हणायचं. सर हसले, "असं ॲप कोण वापरेल, कोमला?" मग ते उत्तर मीच ॲपमधून काढून टाकलं.

काल मावशींना फोन केला. म्हणाल्या, "रडू नकोस गं. तुझं ॲप म्हणून तर मी औषध उतरलंय का बघायला पानाचा वाससुद्धा घेतला नाही."

ते "मला माहीत नाही" मी परत घालेपर्यंत तुझ्या फोनमधलं ॲप काढून टाक. गावात कुणी विचारलं, तर माझ्या मुलीनंच काढायला लावलं, असं सांग.

तुझी लेक,
कोमला