कोंडाजीच्या अंगात येणारा हयात वीर

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुके मावळ, मुक्काम वडगाव, यांचे सेवेशी.

अर्जदारीण : सौ. झुंबरबाई भ्रतार भिमाजी लालगुडे, मौजे वडिवळे.

विषय : नवरा जिवंत असता गावाने त्याचा वीर बसविल्यामुळे त्यास इस्पितळाची चिठ्ठी मिळत नाही, ती शिमग्याआधी मिळणेबाबत.

संदर्भ : भिमाजी कामी आल्याचे पलटणीचे पत्र, आणि त्यानंतर दोन वर्षांनी खुद्द भिमाजी.

महोदय,

१. अर्जदारीण आपली पायरी ओळखून कळविते की, तिचा नवरा भिमाजी तुर्कांशी झालेल्या लढाईत पलटणीची खेचरे हाकण्यास बसऱ्याकडे गेला होता. (नाव लिहिणाराने घातले आहे, अर्जदारीण ते उखाण्याशिवाय घेत नाही.) तो कामी आल्याचे पत्र आले, तेव्हा अर्जदारणीने रीतीप्रमाणे बांगड्या फोडल्या आणि गावाने रीतीप्रमाणे वीराचा पाषाण घडविला. खेचराच्या जागी घोडा कोरला, हाती तलवार दिली, आणि "वीर आपल्या घराम्होरंच शोभंल" म्हणून तो अर्जदारणीच्या दारासमोर उभा केला. पुढे, गेल्या वर्षी माघात, भिमाजी कामशेत ठेसनावर उतरून पायी घरी आला. गावाने ओळखले, जवळ घेतले, गूळपाणी दिले. परंतु तोवर दगड तीन नवसांस पावला होता. पावलेला देव उठवायचा कोणी?

२. धुळवडीस आमच्याकडे वीर नाचवितात, हे हुजुरांस ठाऊक आहेच. गेल्या धुळवडीस मयत भिमाजीचा वीर चुलतदीर कोंडाजी याच्या अंगात आला. हयात भिमाजी त्या वेळी ओटीवर बसला होता. कोंडाजी लोणावळ्याच्या बाजारापलीकडे कधी गेलेला नाही, तरी घुमू लागला, "लोहगडाएवढा डोंगर चढलो! शंभर तुर्क कापलं! कोंबडं आना!" त्यावर नवरा इतकेच म्हणाला, "कोंडा, तितं डोंगर न्हाई रं. निस्ता चिखुल हाय. आन मी कुनालाबी कापलं न्हाई." मारुती पाटील रागावून म्हणाले, "भिमा, तू मधी बोलू नगंस. वीर बोलतोय!"

कोंबडे आणले गेले. ते अर्जदारणीच्या खुराड्यातले होते.

३. एवढे अर्जदारीण हसून सोडणार होती. परंतु मग पाषाणापुढे ठासणीच्या बंदुकीचे बार काढले. पहिल्या बारासरशी नवऱ्याने दावणीचे दोन्ही बैल सोडले आणि "चला रं, चला" म्हणत तो त्यांस हाकीत नदीच्या डोहात गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. दिवस मावळेतो निघेना. बैलही त्याच्यासंगती मुकाट उभे. तेव्हापासून भांडे पडले तरी तो ताटावरून उठतो, आणि निजायचे सोडून गोठ्यात बैलांच्या मध्ये बसून राहतो. गाव म्हणते, "मर्द गडी आन भांड्याला भितो!" आणि त्याच तोंडाने समोरच्या दगडास दंडवत घालते. फक्त अंबाजी आबांनी, जे जुन्या काबूलच्या लढाईतून आलेले, अर्जदारणीस बाजूस घेऊन सांगितले, "पोरी, मीबी तवापासनं दाराकडं पाठ करून निजलो न्हाई. पर सांगतो कुनाला? तू त्याला दवाखान्यात ने."

४. पुण्यास लष्करी इस्पितळात अशा शिपायांस घेतात असे कळते. मात्र मनुष्य हयात असल्याचा पाटलांचा दाखला लागतो. पाटील म्हणतात, "वीराला कुटं येड लागतं व्हय? शिमग्याला पलटणीचा सायेब दगडाला हार घालाया येनार हाय. मंग बघू." शिवाय असा निरोप आहे की, त्या दिवशी अर्जदारणीने वीराची विधवा म्हणून कपाळ पुसून दगडाशेजारी बसावे व साहेब गेल्यावर पुन्हा कुंकू लावावे, आणि भिमाजीने, तो उंच असल्यामुळे, दगडावर छत्री धरावी. एका दुपारपुरते वैधव्य कोणत्या कायद्यात बसते, ते हुजुरांनी पाहावे.

५. गाव म्हणते, वीर नसला तर पोरे कोणाकडे बघून मर्द होतील? अर्जदारीण विचारते, दगडाकडे बघून पोरे पलटणीत जाणार, आणि परत आलेल्याकडे बघायचे कोणी? ओवी अर्जात शोभत नाही, असे लिहिणाराने पुष्कळ सांगितले. तरी जात्यावर तिच्या तोंडी येते ती तिने लिहविलीच :

गावाच्या वीरापुढं, नारळ नि गुलाल
माझ्या गं धन्याला, माझ्या पदराची ढाल

परंतु पदर बाराच्या आवाजास पुरत नाही, म्हणून हा अर्ज.

दगड गावाने खुशाल ठेवावा. तो नवसास पावो, कोंबडी खावो. मात्र हुजुरांनी भिमाजीस स्वतःच्या डोळ्यांनी पाहून हयात लिहावे व इस्पितळाची चिठ्ठी द्यावी. शंका राहिलीच, तर कोंडाजीच्या अंगातल्या वीरास एवढेच पुसावे की, तुझ्या खेचरांची नावे काय? नवऱ्याचा चुकून डोळा लागला की तो त्यांना हाका मारतो. अर्जदारणीस ती सगळी पाठ झाली आहेत.

आपली नम्र, कुंकू शाबूत ठेवून,
निशाणी बांगडी, नवी भरलेली : सौ. झुंबरबाई
दस्तुर : गुलजार मुलाणी, अर्ज लिहिणार
ता. ९ फेब्रुवारी १९२०

सोबत :
१. पलटणीचे पत्र, मयत असल्याचे.
२. भिमाजी, हयात. कचेरीबाहेर चिंचेखाली बसविला आहे. शिपायाने नावाचा पुकारा करू नये. हळू हाक मारली तर येतो.