‘भ’वर अडलेलं वाक्य

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. एका अर्थी बरंच झालं. कागदावर मी अडत नाही, त्यामुळे आज तुला सगळं सलग ऐकावं लागणार. मध्येच “आधी श्वास सोड” म्हणून दटावायची सोय नाही.

पैलवानाच्या खटल्यात माझी साक्ष झाली. निकालही लागला. पण क्रमानेच सांगतो, नाहीतर शेवट वाचून तू कागद उशीखाली सारशील. ओळखून आहे मी तुला.

पैलवान म्हणजे गोदामातला माझा जोडीदार; तू घर बदललंस तेव्हा तुझं कपाट एकट्याने जिना चढवून नेणारा. त्या दिवशी तो मालाच्या लिफ्टमध्ये पोती रचत होता आणि मी दाराशी उभा होतो. लिफ्ट आधीच कुरकुरत होती. तो थांबला, तर सुपरवायझर म्हणाला, “भर अजून, काही होत नाही.” वर जाताना तारेचा दोर तुटला आणि पैलवान लिफ्टसकट खाली आला. तो जागीच गेला, ते तुला माहीत आहे. नंतर मालकांच्या बाजूने असं सांगायला सुरुवात झाली की सुपरवायझर “बस कर” म्हणाला होता, पैलवानानेच अंगातली रग दाखवायला जास्त पोती चढवली. ते शब्द ऐकणारा तिसरा माणूस मी एकटाच. इतकी तोंडाळ माणसं आहेत गोदामात, आणि साक्षीला उरला कोण, तर तोतरा!

पैलवानाच्या बायकोने, म्हणजे आपल्या वहिनींनी, वकील केला होता. त्याने मला बोलतं करून पाहिलं आणि कपाळच धरलं. म्हणाला, “तुम्ही खरं बोलताय हो, पण ऐकणाऱ्याला वाटेल, आठवून आठवून रचताय.” सगळ्यात मोठी पंचाईत ‘भ’ची. ‘भ’ आला की माझे ओठ कुलूप लावल्यासारखे मिटतात, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? दुसरा शब्द घालायचीही सोय नव्हती. पोलिसांकडच्या जबाबात “भर अजून” असं लिहिलेलं. “टाक अजून” म्हणालो असतो तर समोरच्या वकिलाने तिथेच धरलं असतं.

ताई, शाळेत असल्यापासून तू मला रोज सकाळी खिडकीत उभं करून वर्तमानपत्र वाचायला लावायचीस. वधू पाहिजे, भाड्याने देणे आहे, हरवले आहेत. जे हाताला लागेल ते, मोठ्याने. अडलो तर सोपा शब्द शोधायचा नाही, हा तुझा दंडक. लग्न होऊन गेलीस तरी सकाळी फोन करून वाचून घ्यायचीस, भावोजी पलीकडून हसायचे. मग तू जिन्यावरून पडलीस, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सकाळचा फोन थांबला. ऐकणारं कोणी नसलं की वाचायचं तरी कशाला, असं वाटायला लागलं. काही सकाळी नुसताच खिडकीत उभा राहायचो. एकदा एकच जाहिरात वाचली, तीही अर्धी. पण उभा राहायचो. न वाचता उभं राहण्याची लाज वाटून का होईना, पुढे दोन ओळी व्हायच्या.

साक्षीच्या सकाळी तर तेही जमेना. तोंडातून एक अक्षर निघेल तर शपथ! बायको दाराआडून बघत होती. एक छोटीशी जाहिरात घाम फुटेपर्यंत रेटली आणि निघालो.

पिंजऱ्यात उभा राहिलो आणि पहिल्याच प्रश्नाला स्वतःच्या नावावर अडलो. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मालकांचा वकील फार गोड माणूस. म्हणाला, “सावकाश. आठवत नसेल तर तसं सांगा.” मग मुद्द्यावर आला. सुपरवायझर नेमकं काय म्हणाला? मी तोंड उघडायला गेलो आणि ओठ मिटले ते मिटलेच. पंखा फिरत होता. टायपिस्ट बोटं उचलून बसली होती. वहिनी बाकावरून अर्धवट उठल्या. वकील हळूच म्हणाला, “‘बस कर’ म्हणाला, असंच ना? नुसतं ‘हो’ म्हटलंत तरी चालेल.”

‘हो’ मला सहज येतं, ताई. कधीच अडत नाही.

न्यायाधीश बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “साक्षीदार बोलतोय. मध्ये बोलू नका.” मी तर गप्प होतो! पण खरंच बोलत होतो गं आतल्या आत. ओठांशी झगडायचं सोडलं. श्वास जाऊ दिला, ओठ सैल केले, ‘भ’ ढकलला नाही, नुसता सोडला. किती वेळ गेला कोण जाणे. आणि आलं. “भर अजून, काही होत नाही.” त्यावर उलटसुलट विचारून त्या वकिलाने घाम काढला. प्रत्येक वेळी अडलो, प्रत्येक वेळी तेच वाक्य पुरं केलं.

निकालात पैलवानाचा दोष नाही, असं स्पष्ट आलं. दोष सुपरवायझरचा आणि खराब दोर न बदलणाऱ्या मालकांचा. वहिनी बाहेर आल्या, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, “पोरीला आता बाप हौशीपायी गेला असं कोणी सांगणार नाही.” मला उत्तर द्यायचं होतं. अडलो. त्या थांबल्या.

आता खरं काय ते. भावोजींचा फोन आला होता. तू व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना दारातूनच परत पाठवतेस, वॉकर पलंगाखाली ढकललास आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतेस, हे कळलं. पाय आता हलवला नाही तर कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलंय, हेही कळलं. दुखतं, तुला रडू येतं, कालच्यापेक्षा आज कमीच जमतं, सगळं मान्य. उपदेश करायची माझी प्राज्ञा नाही. रविवारी सकाळी येतोय, रजा टाकून, राहायलाच. भावोजींना सांगून ठेवलंय, घंटी वाजली की जागेवरून हलायचं नाही. दार तूच उघडायचंस. वॉकर घे, भिंत धर, शिव्या घालत ये. मी बाहेर उभा आहे.

तुझाच,
धाकटा