रेघ मोडलेला बोल्ट

रेवदंडा
११ नोव्हेंबर २०२४

चि. चंदर यास आशीर्वाद.

एका बोल्टची खरी किंमत काय पडली ते आज मांडून बघितलं. दुकानात साठ रुपये. रावजी गुरुजींच्या सुनेचा पाय तीन महिने प्लास्टरमध्ये. आणि चौदा महिने तू माझ्या दारात नाहीस.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. इकडे बरं आहे. दिवाळीत पर्यटकांच्या गाड्यांनी उसंत दिली नाही. वहिनीने तुझ्यासाठी सुके बोंबील बांधून ठेवलेत, कुणाबरोबर पाठवू ते कळव. गिऱ्हाइकाला चहा पाजताना मी अजून तेच सांगतो, की पंचवीस वर्षांत माझ्या हातची गाडी परत आली नाही, पान्याच्या आवाजावरून मला बोल्ट बसला की नाही ते कळतं. लोक माना डोलावतात.

न्हावा शेव्याच्या यार्डातल्या दयारामने गणपतीत फोन केला होता. तुला ट्रेलरच्या ब्रेकवर घेऊ का, विचारत होता. मी म्हटलं, "हात चांगला आहे, पण..." पुढे बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. तू तिथे टायर बदलतोस, हे माझ्या कानावर आलंय.

आता गुरुजींच्या गाडीचं. ब्रेकचा कॅलिपर तू बसवलास. बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना ते निळं औषध लावलंस, टॉर्क पाना ओढलास, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या प्लेटपर्यंत पिवळी रेघ मारलीस. तुझा नियम मला माहीत होता: बोल्ट उघडला की आटे पुसायचे, औषध नव्याने, रेघ नव्याने. मी त्याला बायकी सोपस्कार म्हणायचो. तू पार्ट आणायला अलिबागला गेलास आणि मला चाकात बारीक चिरका आवाज आला. मी उघडलं, पॅड घासले, बंद केलं. कोरडंच. पाना करकरला, मला पुरे वाटलं.

चौथ्या दिवशी कार्ले खिंडीच्या उतारावर एक बोल्ट गळला, कॅलिपर चाकात अडकला, गाडी बांधावर आदळली, आत बसलेल्या सुनेचा पाय मोडला. गॅरेजसमोर माणसं जमली, ब्रेक कुणी केला विचारायला लागली. मी तुझ्याकडे बोट केलं. तू एवढंच म्हणालास, "दादा, मी रेघ मारली व्हती. बघ तरी."

तू गेल्यावर बघितली. उरलेला बोल्ट घट्ट होता. तरी त्याच्यावरची अर्धी रेघ एकीकडे, प्लेटवरची अर्धी दुसरीकडे. म्हणजे तुझ्यानंतर कुणीतरी तो उघडून पुन्हा आवळला होता. गॅरेजात त्या दुपारी दुसरं कोण होतं?

तूही एकदा ओरडायला हवं होतंस. मी मोठा भाऊ म्हणून तू गप्प बसलास, त्याचा मला अजून राग येतो. बघ, चूक माझी आणि रागही माझाच.

आज सकाळी गुरुजींना सांगून आलो. त्यांनी पाणी दिलं, बस म्हणाले नाहीत. मग दयारामला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शेठ, ब्रेकवर माणूस लागला. दोन महिन्यांपूर्वी बोलला असतात तर..." त्यानेही वाक्य पुरं केलं नाही.

परत ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. गावात तुझं नाव निघेल तिथे मी खरं सांगेन, एवढं माझ्या हातात आहे.

ती गाडी माझ्या हातची होती, आणि क्रेनला बांधून माझ्याच दारात परत आली.

तुला दोष देऊन मोठा राहिलेला,
तुळशीराम