भाजीचं पाणी, दिवसाला अकरा इंच

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.
आजपासून ही वही. काय खाल्लं आणि मागावर किती इंच विणलं, रोज लिहायचं. डॉक्टर म्हणतात किडनी गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, थकवा राहणारच. मला पटत नाही. थकवा किडनीचा नाही, खाण्याचा आहे. त्यांचा डाएटचा कागद: टमाटर नको, केळं नको, संत्रं नको, भाजी उकडून पाणी फेका. असं खाऊन बैलसुद्धा उभा राहणार नाही.
मागावर श्यामराव सेठची कोशाच्या रेशमाची साडी आहे. एकशे दहा इंच बाकी. वीस तारखेपर्यंत हवी, लग्नाची आहे. काल अंगणात उभं राहून म्हणाले, "नंदलालभाऊ, होत नसन तर आताच सांगा. मोहाडीत दुसरे हात हायेत." मी म्हटलं, दिवसाला अकरा इंच, लिहून घ्या. दोन वर्षांपूर्वी तीस काढायचो.
संध्याकाळी. चार इंच. पहिला दिवस सेटिंगमध्येच जातो.

७ जानेवारी, मंगळवार.
डायलिसिस. बसमध्ये ईश्वर सोबत, त्याची मशीन माझ्या शेजारी असते. तीन वर्षं कागदाप्रमाणे खातो. चेहऱ्यावर तेज नाही. त्याला माझी थिअरी सांगितली. म्हणाला, "भाऊ, पोटॅशियम वाढलं का पायच जाते." काही लोक आजाराला शरण गेलेले असतात.
घरी येऊन मोजलं. तेरा इंच. काल चारच कसे मोजले? टेप जुना झालाय.

८ जानेवारी, बुधवार.
शोध लागला! बायकोने, रीताने, लाखोळीची पालेभाजी उकडली आणि पाणी मोरीत ओतायला निघाली. हिरवंगार पाणी. सगळी ताकद त्यातच. मी म्हटलं, ठेव, कढीपत्त्याला घालतो. ती म्हणाली, "तुमाले झाडाची काळजी कधीपासून?" झाडामागे उभं राहून अख्खा गिलास प्यालो. डॉक्टरांनी दिवसाला एकच लिटर पाणी ठरवून दिलंय, त्यात हे धरत नाही, कारण ही भाजी आहे.
दुपारी दोन तास गाढ झोप. झोपेत माग चालल्याचा आवाज येत होता. म्हणजे मेंदूपर्यंत पोचलं. उठून मोजलं, आजचे बारा इंच. मला पाच वाटत होते. माझा नम्रपणा नडतो.

१० जानेवारी, शुक्रवार.
डायलिसिस. सिस्टर म्हणाली पोटॅशियम जास्त आहे, काय खाता? म्हटलं कागदाप्रमाणे. खोटं नाही. पाणी खात नाही, पितो.

१२ जानेवारी, रविवार.
ढिवराची बाई तलावातले शिंगाडे घेऊन आली. उकडून बारा खाल्ले. उपवासाला चालतात, मग आजाऱ्याला का नाही? पाय जड आहेत, थंडी फार.
पण कापड! धाग्यांची ठोक इतकी एकसारखी माझ्या तरुणपणीही नव्हती. किनार ताणलेल्या दोरीसारखी. रीताला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "चांगली हाय." तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. तिलाही भाजीचं पाणी द्यायला हवं, पण एकच गिलास निघतो.

१४ जानेवारी, मंगळवार.
संक्रांत. सणाला मशीनवर कोण पडते? शुक्रवारी जाईन. रीता दारातच बसली होती. "सण मोठा का जीव मोठा? कायले असं करून राहिले?" तिला समजावलं की सध्या माझी प्रकृती सुधारते आहे. तिळगूळ पाच. संत्री दोन. तिच्या नकळत.

१५ जानेवारी, बुधवार. सकाळी.
मागाच्या पावडीवर पाय उचलत नाही. केळं खाल्लं. थांबलो. अजून एक खाल्लं. शून्य इंच. मला भीती वाटून राहिली. हे वाक्य उद्या खोडायचं.

१७ जानेवारी, शुक्रवार. भंडारा, दवाखाना.
परवा पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यातून उठताच आलं नाही. पाय माझे नव्हतेच. छाती एक ठोका सोडून एक चालत होती. हाक मारली तर आवाज निघेना. रीताने काखेत हात घालून वर ओढलं, शेजाऱ्याच्या गाडीत टाकून आणलं. आल्याबरोबर मशीनवर.
डॉक्टरांनी तिला विचारलं, काय खायला देता?
"कागदातलंच देतो जी. भाजी उकडून, पाणी फेकून."
"नक्की फेकता?"
तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मग मीच सांगितलं. गिलास, शिंगाडे, केळी, सगळं. ती म्हणाली, "मग मी कायले उकडून राहिली होती?"
डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर. वाक्य पूर्ण केलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार.
डायलिसिस करून घरी. श्यामराव साडीला आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात रीताने घडी केलेली साडी आणून ठेवली. पूर्ण. त्यांनी ती उजेडात धरली. "हे पाहा नंदलालभाऊ, इथवर तुमचा हात. मग वहिनीचा, मग पुन्हा तुमचा. तुमाले दिसलं नाही?"
दिसलं होतं. बहुतेक पहिल्या दिवसापासून.
ते गेल्यावर रीताला विचारलं. दुपारी मी झोपलो की ती बसायची. मी दवाखान्यात असलो की दिवसभर. म्हटलं, सांगितलं का नाही?
"इंच वाढले का तुमी दोन घास जास्त जेवत होते."
हिशेब केला. एकशे दहातले माझे एकोणतीस.

२३ जानेवारी, गुरुवार.
श्यामरावांनी नवी साडी दिली. रीताच्या नावाने. माग तिच्याकडे. मी भिंतीशी बसून कांड्या भरतो, धोट्यात घालायच्या धाग्याच्या. आमच्या आळीत हे काम म्हातारे करतात.
जेवण: भात, उकडलेली कोबी. बेचव. सात कांड्या झाल्या, मग अर्धा तास आडवा. मग दोन.
रीताने एक परत केली. "सैल हाय, धागा गुंतून राहिला. पुन्हा भरा."
पुन्हा भरतो आहे.